आतून दिसत नाही

फीत धर, अमरसिंग, आणि त्या कोपऱ्यावर जा.
दर्शनी बाजू: एकशे बारा फूट चार इंच.
खिडक्या चौदा. त्यांतल्या दोन खोट्या,
नुसती चौकट, आत वीट, वर चुना,
डावं-उजवं सारखं दिसावं म्हणून.

धुरांडी सहा.
इंदूरच्या थंडीला एक शेगडी पुरते,
पण नकाशा बोटीने आला होता
आणि त्यात सहा होती.
आता पाचांत पोपट राहतात,
सहाव्यात काय आहे, रखवालदार सांगत नाही.

छपराचा उतार मोजला. भलताच तीव्र.
बर्फ घसरावा म्हणून असतो तसा.
नव्वद वर्षं हे छप्पर बर्फाची वाट बघत
चिंचेचा पाला खाली ढकलतं आहे.

जयवंतराव उपळेकर घोडे बघायला विलायतेला गेले,
तिथे कुणा जमीनदाराकडे तीन आठवडे राहिले,
परतले तेव्हा घोडा एकच होता, तोही लंगडा.
बाकी सगळे पैसे त्यांनी डोळ्यांत भरून आणले होते:
हे घर, ही कमान, दगडी कुंड्यांतले दगडी अननस.

कुंपण तीन बाजूंना नेहमीचं.
काळा फत्तर, दहा फूट, माथ्यावर बाटल्यांच्या काचा.
पश्चिमेला मात्र काहीच नाही.
व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलं
की हिरवळ सरळ शेतात जाते,
शेत म्हशींत, म्हशी आभाळात.
सगळा माळवा जणू घरचाच.

चालत गेलो. दोनशे पावलांवर
गवत एकाएकी संपलं.
पायाखाली खड्डा, आणि खड्ड्यात
घराकडे पाठ करून उभी असलेली भिंत.
गुरं आत येऊ नयेत, पण नजर बाहेर जावी,
अशी ती युक्ती. इंग्रजीत तिला हा-हा म्हणतात.
अमरसिंग हसला. मीही हसलो.
दगड घट्ट बसवलेले होते, सांध्यात नख जाईना.

उपळेकरांची नात, यमुताई, परवा फोनवर म्हणाल्या,
“पश्चिमेला आमच्याकडे भिंत नव्हतीच हो.
आजोबा फार मोकळ्या मनाचे.”
आणि माझी आई,
जिचे वडील इथे मोतद्दार होते,
त्या लंगड्या घोड्याला रोज तेल चोळायचे,
म्हणायची, “कोठीची भिंत? बाई गं!
टाचा उंचावल्या तरी धुरांडीच दिसायची.”
एकदा तिचा चेंडू वर गेला. तो वरच राहिला.

मला वाटायचं, दोघींतली एक विसरली असेल.

आज फीत सोडली.
वरून मोजलं तर शून्य.
खालून मोजलं तर पाच फूट दहा इंच.
कागदावर रेघ एकच येते,
तिच्या एका अंगाला एक आकडा, दुसऱ्या अंगाला दुसरा,
आणि दोन्ही बरोबर.

काळ्या मातीला यातलं काही ठाऊक नव्हतं.
ती पावसाळ्यात फुगते, वैशाखात फाटते,
नकाशा कुठल्या बोटीने आला ते विचारत नाही.
दरसाल जवभर ढकलत
तिने भिंतीला पोट काढलंय, सात महिन्यांच्या बाईसारखं.
मधल्या टप्प्यात तर दगड निखळून
गोवऱ्या थापायला सपाट जागा झाली आहे.
त्यांवरची बोटं ताजी आहेत.
मी त्यांची लांबीही मोजली, उगाच.

पश्चिमेचा रस्ता साठ फुटी होणार.
म्हणून तर आम्ही आलो.
नगरपालिकेच्या तक्त्यात
“भिंतीची उंची” असा एक रकाना आहे,
दोन आकडे मावतील एवढा रुंद नाही.

“क्या लिखूँ, भिया?” खालून आवाज आला.
मी व्हरांड्याच्या पायरीवर परत आलो होतो.
वळून पाहिलं.
उन्हात लांबवर गवत,
आणि गवतावर ठेवल्यासारखं
अमरसिंगचं डोकं,
कानाला पेन्सिल.